फ्रान्समधला निवांत रविवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समध्ये शिकायला, नोकरीला किंवा जोडीदारापाठोपाठ राहायला आलेल्या मराठी मंडळींसाठी हे पान आहे. पहिले काही रविवार बहुतेकांच्या अंगावर येतात. दुकानांची शटर खाली, रस्ते सुनसान, आणि तुंबलेली कामं उरकायला राखून ठेवलेला दिवस हातातून निसटलेला. इथल्या रविवारची एक ठरलेली चाल आहे: सकाळी पाव आणि बाजार, दुपारी लांबलचक जेवण, मग पायी फेरफटका, रात्री वाटीभर सूप. ती अंगवळणी पडली की आठवड्यातला सगळ्यात जड दिवस हवासा वाटू लागतो. उदाहरणं बरीचशी पॅरिसची आहेत, पण लियों, तुलूझ, बोर्दो इथेही क्रम हाच.

रविवारी सगळं बंद का असतं?

यामागे कायदा आहे. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधल्या कुरिएरच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन हजाराहून अधिक माणसं दगावली. पाठोपाठ संपांची लाट आली आणि १३ जुलै १९०६ ला कायदा झाला: कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी, आणि ती रविवारी. मराठी माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, म्हणजे फ्रेंच कामगारांच्या १६ वर्षं आधी.

आज नियम थोडे सैल आहेत. खाद्यपदार्थांच्या दुकानांना रविवारी दुपारी १ पर्यंत माणसं कामावर ठेवता येतात, म्हणून बेकरी, खाटीक, चीजवाला, भाजीवाला आणि बरीच सुपरमार्केटं सकाळी उघडी असतात. २०१५ च्या कायद्याने महापौरांना वर्षातले १२ पर्यंत रविवार दुकानं उघडी ठेवण्याची परवानगी देता येते. हे रविवार बहुधा नाताळच्या आधी आणि सेलच्या दिवसांत पडतात. पर्यटनाच्या खास भागांत, उदाहरणार्थ पॅरिसमधल्या मारे किंवा शाँझेलिझेवर, कपड्यांची दुकानंही चालू असतात. दुपारनंतर काही सुपरमार्केटं फक्त स्वतः बिल करायच्या यंत्रांवर चालतात. बँक आणि पोस्ट यांची रविवारी आशाच धरू नका.

गैरसोय होते हे खरं. पण सगळे एकाच वेळी थांबतात, म्हणून रविवारी कुणाला भेटायचं तर समोरचाही मोकळा असतो. इथला निवांतपणा या एका गोष्टीवर उभा आहे.

मग शनिवारी काय काय करून ठेवायचं?

दूध, तेल, डाळ-तांदूळ, डायपर, चालू असलेली औषधं हे सगळं शनिवारी संध्याकाळी ७ च्या आत घरात हवं. कपडे शनिवारी धुवा. घरात यंत्र नसेल तर नाण्यांवर चालणारी लाँड्री रविवारीही उघडी असते, पण दुपारी ४ नंतर तिथे विद्यार्थ्यांची रांग लागते. पाहुणे येणार असतील तर रोटिसरीवाल्याकडे भाजलेली कोंबडी शनिवारीच नाव देऊन सांगून ठेवा. रविवारी १२ ला गेलात तर फिरत्या सळईवर दिसणाऱ्या सगळ्या कोंबड्या आधीच कुणाकुणाच्या नावावर लागलेल्या असतात.

आणखी एक, जे नवीन माणसाला कुणी सांगत नाही. भिंतीत ड्रिल मारणं, फर्निचर ठोकणं, गवत कापणं यांना रविवारी वेळेचं बंधन असतं. अनेक गावांत फक्त सकाळी १० ते १२. नेमकी वेळ तुमच्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर असते. मिक्सरसाठी असा वेगळा नियम नाही, पण जुन्या इमारतींच्या लाकडी जमिनीतून तो वरखाली दोन मजले ऐकू जातो. इडलीचं पीठ आणि वाटण शनिवारी दिवसा काढून ठेवलंत तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले राहतात.

सकाळी किती वाजता उठायचं, आणि नाश्त्याला काय?

उशिरा उठण्याला फ्रेंचमध्ये ‘ग्रास मातिने’ म्हणतात, शब्दशः गुबगुबीत सकाळ. ९ पर्यंत झोपा, पण १० च्या पुढे नको, कारण चांगला पाव आणि चांगला बाजार दोन्ही हातचे जातात.

बेकरीला, म्हणजे बूलांजरीला, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. बऱ्याच जणी ती सोमवारी घेतात आणि रविवारी दुपारी १ च्या सुमारास बंद करतात. साधं ‘बॅगेट’ न मागता ‘त्रादिस्याँ’ मागा. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार या नावाने विकला जाणारा पाव कणीक असताना गोठवता येत नाही आणि त्यात कृत्रिम पदार्थ चालत नाहीत. दर जेमतेम वीस-तीस सेंट जास्त. कडक हवा असेल तर ‘बियाँ क्वीत’, मऊ हवा असेल तर ‘पा त्रो क्वीत’ म्हणा. क्रुआसाँ दोन प्रकारचे मिळतात: लोण्याचा बहुतेक ठिकाणी सरळ, आणि साधा, बहुधा मार्गारिनचा, चंद्रकोरीसारखा वाकलेला. लोण्याचाच घ्या.

नाश्ता हलका ठेवा: पावाचा तुकडा, लोणी, जॅम, कॉफी. सकाळी ११ ला भरपेट कांदेपोहे खाऊन १ वाजता कुणाकडे जेवायला गेलात तर तिसऱ्या पदार्थालाच हात टेकाल.

आठवडी बाजार कुठला, आणि तिथे वागायचं कसं?

प्रत्येक वस्तीचा बाजार ठरलेल्या वारी भरतो, आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखाच. पॅरिसमध्ये बास्तीयचा मोठा बाजार रिशार-लनुआर रस्त्यावर गुरुवारी आणि रविवारी असतो. रास्पाय रस्त्यावर रविवारी सेंद्रिय मालाचा. आलिग्रचा सोमवार सोडून रोज. लियोंमध्ये सोन नदीच्या काठी सेंट-अँत्वान घाटावर, बोर्दोमध्ये शार्त्रों घाटावर, तुलूझमध्ये सेंट-ओबँ चर्चभोवती. १० ते ११ ही उत्तम वेळ: सगळा माल आलेला आणि गर्दी सोसवण्याइतकी. दुपारी १ नंतर उरलेला माल पेटीच्या भावाने निघतो. ज्यांचं बजेट ओढाताणीचं आहे त्यांनी याच वेळी जावं. टोमॅटो, वांगी, स्ट्रॉबेरी निम्म्या भावात मिळतात, पण तो माल त्याच संध्याकाळी शिजवायचा असतो.

पहिला शब्द ‘बोंज्यूर’. तो न म्हणता थेट भाव विचारला तर विक्रेता तुसडा वाटेल. त्याच्या दृष्टीने उद्धट तुम्ही असता. फळं स्वतः चाचपायची नाहीत. बाजूला टोपली किंवा कागदी पिशव्या ठेवल्या असतील तरच हाताने निवडायची. खरबूज, आवोकादो किंवा कामाँबेर हे मऊ चीज घेताना विक्रेता विचारतो, ‘आजसाठी की उद्यासाठी?’ दुपारी खायचं असेल तर तसं सांगा, तो दाबून पिकलेलंच देईल. ‘युन लीव्र’ म्हणजे अर्धा किलो. घासाघीस करत नाहीत, पण तोच विक्रेता दर रविवारी धरलात तर महिन्याभरात मूठभर पार्सली फुकट पडू लागते. हिरव्या जुड्या घेताना वास घ्या: चपट्या पानांची पार्सली आणि कोथिंबीर लांबून एकसारख्या दिसतात. कोथिंबीर म्हणजे ‘कोरियाँद्र’. पातीचा कांदा म्हणजे ‘ओन्यों नूव्हो’, वसंतात भरपूर. बटाट्यांवर ‘शेर फेर्म’ लिहिलेलं असलं तर ते शिजून आकार धरतात, रस्सा आणि ग्रातँला (दूध-क्रीममध्ये ओव्हनमध्ये भाजलेल्या चकत्यांना) चांगले; वडे-पराठ्यांसाठी ‘प्युरे’ लिहिलेले पिठूळ बटाटे घ्या.

रविवारी दुपारी जेवायला बोलावलंय. किती वाजता जायचं आणि काय न्यायचं?

‘साडेबाराच्या सुमारास’ सांगितलं असेल तर १२:४० ते १२:४५. दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोहोचणं हाच शिष्टाचार आहे, त्याला नावही आहे: सौजन्याचा पाव तास. आधी पोहोचलात तर यजमानीण अजून ओट्याशी असते. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर फोन करा.

फुलं, चांगली चॉकलेटं किंवा मिठाईचा छोटा डबा न्या. शेवंतीची फुलं मात्र चुकूनही नकोत. १ नोव्हेंबरच्या सुमाराला ती कबरीवर वाहतात. आपल्याकडे हाराला आणि पूजेला शेवंती चालते, म्हणून ही चूक आपल्या लोकांकडून हमखास होते. वाइन नेलीत तर ती लगेच उघडली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पदार्थांना साजेशी बाटली त्यांनी आधीच काढून ठेवलेली असते. न विचारता भाजी-आमटी शिजवून नेऊ नका. गोड पदार्थ मी आणू का, असं आधी विचारलं तर आनंदाने हो म्हणतील.

आत गेल्यावर प्रत्येकाला वेगळं ‘बोंज्यूर’, लहान मुलांनाही. गालाला गाल लावायचे की हात मिळवायचा हे समोरच्यावर सोडा. घरातल्या मोठ्यांना ‘व्हू’, ते स्वतः सांगेपर्यंत. इथे इंग्रजीतून आलेल्यांची धांदल उडते, मराठी माणसाला सोपं जातं: ‘तुम्ही’ला व्हू, ‘तू’ला त्यू.

जेवणात नेमका क्रम काय असतो? इतका वेळ का लागतो?

आपल्या ताटात मीठ-लिंबापासून वरणभातापर्यंत सगळं एकदम समोर येतं; किती काय खायचं ते डोळ्यांना दिसतं. इथे पदार्थ एकामागून एक येतात, आणि पुढे काय आहे ते ठाऊक नसल्याने पहिल्या दोनांतच पोट भरतं. म्हणून क्रम पाठ करा.

आधी अपेरो: सोफ्यावर बसून एखादं पेय, ऑलिव्ह, खारे दाणे, मुळ्याच्या लाल कांड्या. अर्धा ते पाऊण तास. मग टेबलावर ‘आँत्रे’, म्हणजे सुरुवातीचा थंड किंवा हलका पदार्थ. मग ‘प्ला’, मुख्य पदार्थ: भाजलेली कोंबडी, मेंढीची तंगडी, सोबत बटाटे किंवा फरसबी. मग पानांचं सॅलड आणि चीज. मग गोड. आणि ते संपल्यावर, वेगळी, काळी कॉफी. कॉफी गोडाबरोबर मागू नका आणि दुधाची तर नकोच. दुपारनंतर दुधाची कॉफी पिणारा त्यांना आजारी वाटतो. १ ला सुरू झालेलं जेवण ४ ला संपलं तर ते वेळेवर संपलं असं समजा. फ्रेंचांची ही जेवणपद्धत २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि त्यात मोजला गेलेला ऐवज पाककृतींइतकाच हा क्रम आणि सोबत बसणंही आहे.

लहानसहान गोष्टी: पाव ताटलीत न ठेवता थेट टेबलक्लॉथवर ठेवतात. हात मांडीवर न ठेवता मनगटं टेबलाच्या कडेला दिसतील असे ठेवतात. सॅलडची पानं सुरीने कापत नाहीत, काट्याने घडी घालतात. त्रिकोणी चीजचं टोक कापून घेणं असभ्य समजतात, कारण मधला मऊ भाग तिथेच असतो. बाजूने लांब चीर घ्यावी म्हणजे प्रत्येकाला थोडं टोक आणि थोडी साल येते. चीजची फळी एकदाच फिरते. दुसऱ्यांदा मागितलं तर जेवण अपुरं पडलं असा अर्थ होतो.

पुन्हा घ्यायचं होतं, ‘मेर्सी’ म्हटलं तर वाढलंच नाही. काय चुकलं?

काही वाढायला आल्यावर नुसतं ‘मेर्सी’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा होतो. हवं असेल तर ‘वोलोंतिए’ किंवा ‘उई, अव्हेक प्लेझीर’ म्हणा. आणि इथे आग्रह नसतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं, मग दोनदा आग्रह झाला की वाटी पुढे करायची, ही आपली रीत इथे उपाशी ठेवते. उलटही लक्षात असू द्या: फ्रेंच पाहुणा नको म्हणाला की त्याच्या ताटात जिलबी टाकू नका. त्याला ताटात पडलेलं संपवावंच लागतं, असं त्याच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं.

आम्ही शाकाहारी आहोत. हे सगळं जमेल का?

जमेल, पण आमंत्रण आल्याबरोबर सांगावं लागतं आणि तपशिलात सांगावं लागतं. ‘वेजेतारियाँ’ म्हटलं तर काही घरांत मासे चालतात असं धरतात. मांस नाही, मासे नाहीत, हॅमचे तुकडे नाहीत, मांसाच्या पाण्याचं सूप नाही, अंडं चालतं किंवा नाही, असं एका संदेशात लिहून पाठवा.

फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रोटिसरीवाल्याकडचे सोनेरी बटाटे कोंबड्यांच्या खाली ठेवलेले असतात आणि त्यांतून गळणाऱ्या चरबीतच शिजतात. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यावर केलेलं असतं. ‘हिरवं सॅलड’ म्हणून येणाऱ्या पानांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लार्दों, असू शकतात. मागवतानाच ‘साँ लार्दों’ म्हणा. काही मूस आणि थंड गोडांमध्ये जिलेटिन असतं. आणि चीज: कोंते, रोकफोर अशा नामांकित चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी वेष्टनावर ‘प्रेझ्युर’ हा शब्द दिसला तर सोडावं. ‘कोआग्युलाँ मिक्रोबियाँ’ किंवा ‘वेजेताल’ लिहिलेलं घ्यावं.

मनापासून खाण्यासारखं फ्रेंच शाकाहारी जेवणही आहे. प्युईच्या हिरव्या मसुरा गाजर-कांद्याबरोबर शिजवलेल्या, प्रोव्हाँसची रातातुई (वांगी-टोमॅटोची मंद शिजवलेली भाजी), टोमॅटो-मोहरीचा टार्ट, आणि ग्रातँ दोफिनुआ.

घरी चार फ्रेंच माणसांना जेवायला बोलवायचंय. झेपेल असा बेत सांगा.

अपेरोला लाल मुळे, लोणी, जाडं मीठ. मुख्य पदार्थ ग्रातँ आणि सॅलड. मग तीन प्रकारचं चीज, एक घट्ट, एक मऊ, एक बकरीच्या दुधाचं, सगळं मिळून २५० ते ३०० ग्रॅम, जेवणाआधी तासभर फ्रिजबाहेर काढून. शेवटी बेकरीतला सफरचंदाचा टार्ट. पाहुण्यांना बाहेरचा टार्ट खिलवण्यात इथे कमीपणा नाही. रविवारी बेकरीतून दोरीने बांधलेली खोकी घेऊन निघालेली माणसं जागोजागी दिसतात.

ग्रातँसाठी १ किलो शेर फेर्म बटाटे, अर्धा लिटर सायीचं दूध, पाव लिटर घट्ट क्रीम, लसणाची एक मोठी पाकळी, जायफळ, एक ते सव्वा चमचा मीठ. बटाटे आधी धुऊन, सोलून, ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. कापल्यावर पाण्यात टाकू नका. आपल्याला काचऱ्यांमुळे तशी सवय असते, पण इथे चकत्यांवरच्या स्टार्चनेच दूध दाट होतं. तो धुतला की भांड्याच्या तळाशी पाणी राहतं. दुधात मीठ, जायफळ आणि चकत्या घालून मंद आचेवर १० मिनिटं शिजवा, तळाला लागू देऊ नका. भांड्याला लसूण चोळा, चकत्या दुधासकट ओता, वर क्रीम, आणि ओव्हनमध्ये १६० अंशांवर सव्वा तास. १८० च्या वर नेलंत तर क्रीम फाटून तुपासारखं सुटतं. सुरी अलगद आत गेली की झालं. बाहेर काढून १५ मिनिटं थांबा, नाहीतर वाढताना ओघळतं. अस्सल ग्रातँ दोफिनुआत चीज नसतं. घातलंत तर बिघडणार काही नाही, पण ग्रनोबलकडचा, म्हणजे या पदार्थाच्या मूळ प्रदेशातला पाहुणा ते बोलून दाखवेल.

फ्रेंच पाककृतीत ‘तेर्मोस्ता ६’ असं लिहिलेलं असतं. आकड्याला ३० ने गुणा: ६ म्हणजे १८० अंश, ७ म्हणजे २१०.

सॅलडच्या व्हिनेग्रेतला एक चमचा व्हिनेगर, तीन चमचे तेल, थोडी दिजों मोहरी. मीठ आधी व्हिनेगरमध्ये विरघळवा, तेलात ते विरघळत नाही. पानांवर ओतायचं ते वाढायच्या क्षणी. आधी ओतलं तर पानं मान टाकतात.

मराठी जेवणच घालायचं असेल तर तेही जरूर घाला, फक्त क्रमाने. कोथिंबीर वडी अपेरोला, भरली वांगी, आमटी आणि भात एकत्र मुख्य पदार्थ म्हणून, शेवटी श्रीखंड. चक्क्यासाठी इथलं ‘फ्रोमाज ब्लाँ’ उत्तम: जास्त स्निग्धांशाचं १ किलो घ्या, फडक्यात बांधून चाळणीत फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, साधारण निम्मा चक्का उतरतो. आपण पाऊणपट साखर घालतो, फ्रेंच जिभेला अर्धी पुरते. शून्य टक्के स्निग्धांशाचं घेतलंत तर श्रीखंड खरखरीत होतं.

आम्ही दारू पीत नाही. अवघडल्यासारखं होतं.

‘जे न बुआ पा दाल्कॉल’ एवढं एक वाक्य पुरतं, कारण द्यावं लागत नाही. द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा रस पायाच्या पेल्यात घ्या. ‘साँते’ (चीअर्स) म्हणताना मात्र सहभागी व्हा: प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून पेला टेकवायचा, दुसऱ्यांच्या हातांवरून हात आडवा न नेता.

बाहेर जेवायचं असेल तर?

स्वयंपाकघर १२ ते २ चालू असतं. २:१५ ला पोहोचलात तर खुर्च्या रिकाम्या असूनही नाही म्हणतील. तेव्हा ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ (स्वयंपाकघर मध्ये बंद होत नाही) अशी पाटी असलेली ब्रासरी, म्हणजे मोठं साधं रेस्टॉरंट, शोधा. अनेक छोटी रेस्टॉरंटं रविवारी रात्री आणि सोमवारी बंद असतात. फळ्यावरचं दुपारचं स्वस्त ‘फॉर्म्यूल’, म्हणजे ठरावीक पदार्थांचं जेवण, बहुतेक ठिकाणी फक्त सोमवार ते शुक्रवार. कंपनीकडून मिळणारी जेवणाची कार्डं सर्वसाधारणपणे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चालत नाहीत. बिल देताना अनेकांना हे कळतं, म्हणून दुसरं कार्ड जवळ ठेवा. नळाच्या पाण्याचा ‘काराफ दो’ जेवणाबरोबर फुकट असतो, तो मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. सेवाशुल्क भावात धरलेलं असतं. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर टेबलापेक्षा स्वस्त पडते.

जेवण झाल्यावर लोक काय करतात?

आपण वामकुक्षी करतो, ते शतपावली. ‘प्रॉमनाद’ला निघताना व्यायामाचे बूट घालत नाहीत, आजी, नातवंडं, कुत्रा सगळे हळूहळू चालतात. पॅरिसमध्ये लुक्झांबूर बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्च्या हव्या तिथे ओढून बसता येतं. ब्यूत-शोमों बागेच्या उतारावर पसरून पडता येतं. ‘पलूज ओ रपो’ अशी पाटी असेल तर त्या हिरवळीवर जाऊ नका, गवत विश्रांती घेत असतं. थंडीत बहुतेक हिरवळी अशाच असतात. सेन नदीच्या काठचे मोटारमुक्त रस्ते आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाड्यांना बंद असणारा शाँझेलिझे मुलांना सायकल शिकवायला फार चांगला.

पेताँक, म्हणजे लोखंडी गोळ्यांचा खेळ, खेळणारे दिसले तर जवळ जाऊन उभे राहा. ५ मिनिटांत कुणीतरी गोळा हातात देतं. नियम गोट्यांच्या खेळाइतके सरळ आहेत: ३५ ते ५० सेंटिमीटरचं वर्तुळ आखून त्यात दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं, लाकडी छोटी गोळी ६ ते १० मीटरवर टाकायची, आणि लोखंडी गोळा तिच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा तुमचे जितके गोळे जवळ, तितके गुण. १३ झाले की डाव संपला. नवखे तळहात वर ठेवून फेकतात आणि गोळा घरंगळत लांब जातो. तळहात खाली ठेवा म्हणजे गोळ्याला उलटी फिरकी मिळते आणि तो पडल्या जागी थांबतो.

महिन्याचा नाविगो पास (पॅरिस परिसराचा प्रवासाचा पास) असेल तर गार द लियोंवरून आर लाइनने साधारण ४० मिनिटांत फोंतनब्लोचं जंगल गाठता येतं, वेगळं तिकीट नाही. पण रविवारी रुळांची कामं निघतात, आदल्या रात्री वेळ तपासा. आणि एका रविवारी एकच ठिकाण. सकाळी राजवाडा, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी टॉवर असा दिवस काढलात तर सोमवारी कामावर दमून जाल.

पाऊस किंवा कडाक्याची थंडी असेल तर?

महिन्याच्या पहिल्या रविवारी ओर्से, ओरांजरी अशी संग्रहालयं फुकट असतात. आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवा, नाहीतर दीड तास भिजत उभं राहाल. लूव्रला ही सोय रविवारी नाही, तिथे पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी ६ नंतर आहे, जुलै-ऑगस्ट सोडून. वय २६ पेक्षा कमी असेल आणि फ्रान्सचा निवासी परवाना असेल तर राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे संग्रह एरवीही फुकट. बरेच भारतीय विद्यार्थी हे न कळल्यामुळे पैसे भरतात. पॅरिस शहराच्या मालकीच्या कार्नाव्हाले आणि पती पालेचे कायमचे संग्रह तर सगळ्यांनाच फुकट आहेत. दोन दालनं बघा आणि बाहेर पडा.

जानेवारीतल्या रविवारी बदामाच्या सारणाचा ‘गालेत दे र्‍वा’ कापतात. त्यात चिनी मातीची छोटी बाहुली लपवलेली असते. सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते सांगतं, बाहुली मिळेल तो राजा. चावताना जपून, दात दुखावतो.

घरच्यांना फोन कधी करायचा?

उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं बदलतात, म्हणजे मार्चमधला तो रविवार २३ तासांचाच असतो. बाजारापूर्वी ८:३० ते ९:३० किंवा फेरफटक्यानंतर ५ वाजता बोला. इथल्या संध्याकाळच्या ५ ला पुण्यात रात्रीचे ८:३० किंवा ९:३० असतात. दुपारी १ ते ४ फोन बाजूला ठेवा आणि आई-बाबांनाही तसं सांगून ठेवा. जेवणाच्या टेबलावर फोन उचललेला इथे मनाला फार लागतो. ऑफिसच्या संदेशांचंही तेच: २०१७ पासून ‘संपर्क तोडण्याचा हक्क’ कायद्यात आहे, आणि रविवारी मेल पाठवणारा माणूस उत्साही न वाटता अव्यवस्थित वाटतो.

इथे ओळखीचं कुणी नाही. रविवारी फार एकटं वाटतं.

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे. रविवार हा इथे घरच्यांचा दिवस आहे, त्यामुळे आयत्या वेळी कुणाला भेटूया म्हणालात तर नकार येतो, आणि तो तुमच्याबद्दल नसतो. बुधवारपर्यंत विचारा. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावोगावी संस्थांचा मेळावा भरतो. गिर्यारोहण, गायन, पेताँक, जे आवडेल त्यात वर्षाची नावनोंदणी तिथेच होते, आणि अशा मंडळांचे उपक्रम बरेचदा रविवारी असतात. वस्तीतल्या ‘व्हीद-ग्रनिए’मध्ये, म्हणजे घरोघरच्या जुन्या सामानाच्या बाजारात, थोडंसं फ्रेंच बोलायला सुरुवात करणं फार सोपं जातं. तीन रविवार लागोपाठ त्याच कॅफेत त्याच वेळी बसलात तर चौथ्याला मालक तुमची कॉफी न सांगता आणतो.

पॅरिसमधल्या ला शापेल भागातली तमिळ दुकानं रविवारी उघडी असतात; कढीपत्ता, ओला नारळ, पोहे सगळं मिळतं. तिथल्याच माणिक विनायकर मंदिराचा गणपतीचा रथ ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी रस्त्यावरून निघतो. रस्त्याकडेला नारळांचे ढीग फोडतात, फ्रेंच शेजारी प्रसादाला हात पुढे करतात. गणेशोत्सवाच्या आठवणीने जीव कासावीस होत असेल तर त्या दिवशी सकाळी ११ च्या आत तिथे पोहोचा.

रविवारी औषध लागलं तर?

३२३७ या क्रमांकावर जवळच्या चालू औषध दुकानाचा पत्ता मिळतो. बंद दुकानाच्या दारावरही तो लावलेला असतो. जिवावर बेतलं असेल तर १५ किंवा ११२.

आणि रविवारची रात्र?

सुट्टीवरून परतणाऱ्या गाड्या संध्याकाळी ५ ते ९ खच्चून भरतात आणि सगळ्यात महाग असतात. शक्य असेल तर दुपारी २ ची किंवा सोमवारी पहाटेची घ्या. पॅरिसची मेट्रो रात्री सव्वा वाजण्याच्या सुमाराला थांबते, शुक्रवार-शनिवारपेक्षा तासभर आधी.

रात्री कुणी पुन्हा स्वयंपाक मांडत नाही. दुपारची कोंबडी असेल तर तिची हाडं, एक गाजर, कांदा आणि तमालपत्र दीड लिटर पाण्यात दोन तास मंद उकळून गाळतात, त्यात शेवया घालतात. शाकाहारी घरात कांद्याची पात, बटाटा आणि थोडं दूध घोटून सूप होतं. सकाळचा पाव एव्हाना दगड झालेला असतो. त्याच्या दोन सेंटिमीटरच्या चकत्या करून एक अंडं, पाव लिटर दूध आणि दोन चमचे साखरेच्या मिश्रणात दोन्ही बाजूंनी मिनिटभर बुडवा आणि लोण्यावर खरपूस परता. ताज्या पावाच्या केल्यात तर लगदा होतो, त्यामुळे थोडा शिळा पाव मुद्दाम राखून ठेवा.